‘येतो’ की ‘येते’?



कोल्हापूरकडची एखादी लहान मुलगी वर्गात उठून म्हणते, “बाई, मी पाणी पिऊन येतो.” बाई दुसऱ्या मुलखातल्या असल्या तर चटकन म्हणतात, “येतो नव्हे, येते म्हण.” पोरं हसतात, ती खाली बसते. पुढच्या खेपेस ती तहान दाबून ठेवते, पण तोंड उघडत नाही. आता तिचं चुकलं का? त्या बाजूला बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. आईच्या तोंडून जे ऐकलं तेच ती बोलली.

आपल्या बोलींची पाहणी फार जुनी आहे. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषापाहणीचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली निघाला. पण साहेब काही गावोगाव हिंडले नाहीत. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट अंमलदारांकडे धाडायची आणि त्यांनी ती तिथल्या बोलीत उतरवून घ्यायची, असा मुख्य रिवाज. पुढे 1960 नंतर डॉ. घाटगे यांनी एकेक बोली घेऊन पुस्तकं केली. कुडाळीवरचं 1965 सालचं.

अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेज या अभिमत विद्यापीठाने, राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने, हे काम पुन्हा हाती घेतलं. अभ्यासक खेड्यांत गेले, माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. यात एक मोठी अडचण असते बरं का. शिकलेल्या पाहुण्याने “याला तुमच्यात काय म्हणता?” असं विचारलं, की माणूस ठेवणीतला पुस्तकी शब्द काढून देतो! म्हणून त्यांनी छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि काय घडलं ते सांगायला लावलं. सांगण्याच्या भरात माणूस आपल्या घरचं बोलतो.

असं बोलणं तपासलं की त्यातले नियम दिसतात. वऱ्हाडात डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, काळ्याला ‘काया’. म्हणजे ‘ळ’च्या जागी ‘य’. ‘तो जेवून राहिला’ म्हणजे त्याचं जेवण आत्ता चालू आहे. पुण्याचा माणूस ऐकून घोटाळ्यात पडेल, वऱ्हाडातलं पोर पडणार नाही.

हा संग्रह संकेतस्थळावर ऐकायला ठेवला आहे. गुरुजी, वर्गात जरूर ऐकवा. आणि त्या मुलीला परीक्षेत ‘येते’ लिहावं लागेल, हे खरंच. फळ्यावर ‘येतो’ आणि ‘येते’ शेजारी-शेजारी मांडून ते उद्याही दाखवता येईल. आधी तिला पाणी पिऊन येऊ द्या.