बॉयलरसमोरची माणसे : आरमारातील कोकणी स्टोकर

आपल्या आदिलाबादला समुद्र नाही, पण कोळसा काय असतो हे आपल्याला सांगावे लागत नाही. मंचेर्याल, बेल्लमपल्लीच्या खाणी २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होत्या. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या घरची काळजी आपल्यातल्या अनेकांनी जवळून पाहिली आहे. म्हणून या वेळी आम्ही कोळशावरच राबलेल्या, पण समुद्रावर गेलेल्या माणसांची माहिती देत आहोत.

१८९२ ते १९३४ या काळात हिंदुस्थानच्या सरकारी आरमाराचे नाव ‘रॉयल इंडियन मरीन’ होते. त्याचे मुख्य ठाणे मुंबई. भरती बरीचशी रत्नागिरी जिल्ह्यातून होई आणि त्यात कोकणी मुसलमान घरांतली मुले मोठ्या संख्येने असत. आजचा सिंधुदुर्गही तेव्हा रत्नागिरीतच होता.

बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारा तो स्टोकर. व्यापारी जहाजांवर त्यालाच ‘आगवाला’ म्हणत. कोठारातून कोळसा ओढून आणणारा कोळसेवाला, यंत्राला तेल देणारा तेलवाला, त्यांच्यावर तांडेल आणि सर्वांत वर सारंग, अशी तिथली उतरंड होती. साधारणपणे चार तास काम आणि आठ तास विश्रांती अशी पाळी चाले. कोळसा भट्टीत सारखा पसरायचा, लांब सळईने निखारे हलवायचे, राख बाहेर काढायची. आच जराही कमी झाली की वाफेचा दाब उतरे आणि जहाजाचा वेग मंदावे.

या कामाचे महत्त्व ३ फेब्रुवारी १९१५ रोजी दिसून आले. तुर्की फौजेने सुएझ कालव्यावर हल्ला केला, तेव्हा आपले ‘हार्डिंज’ हे जहाज तिमसाह सरोवराजवळ पहाऱ्यावर होते. तुर्की तोफगोळ्यांनी त्याची दोन्ही धुराडी मोडली. धुराडे केवळ धूर सोडत नाही, भट्टीला हवाही तेच ओढून देते. ते मोडले की आग मंदावते आणि वाफ पडते. ‘हार्डिंज’चेही तसेच झाले. जहाज कालव्यात बुडून वाट अडू नये म्हणून ते माऱ्याबाहेर नेऊन नांगरावे लागले. पुढे तेच जहाज तांबड्या समुद्रात अरबांच्या उठावाला मदत करीत होते.

स्टोकर जहाजाच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली काम करी. सुरुंग किंवा टॉर्पेडो लागला तर वर येण्याची संधी त्यालाच सर्वांत कमी. बढतीलाही मर्यादा होती. या आरमारात पहिला हिंदी अधिकारी नेमला गेला तो १९२८ साली. ते डी. एन. मुखर्जी, इंजिनीअरिंग शाखेचेच. तोपर्यंत हिंदी माणूस कितीही अनुभवी असला तरी अधिकारी होऊ शकत नव्हता.

पहिल्या महायुद्धात समुद्रावर मरण पावलेल्या, ज्यांना कबर किंवा चिता मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदर भागातील खलाशी गृहात आहे. त्यात सरकारी आरमारातले आणि व्यापारी जहाजांवरचे असे दोन्ही आहेत. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर ही नावे शोधता येतात. मात्र इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळे असते. एकच नाव दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे.

आपल्या सभासदांपैकी कुणाचे आजोळ किंवा सासर कोकणात असेल, तर तिथल्या वडीलधाऱ्यांना एकदा अवश्य विचारावे. पणजोबा ‘बोटीवर होते’ एवढेच पुष्कळ घरांत सांगितले जाते. कोणत्या बोटीवर, कोणत्या कामावर, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. जुन्या पेटीत नोकरीचा दाखला, पदक किंवा पेन्शनचा कागद सापडला तर तो टाकून देऊ नये. त्याचा फोटो काढून मंडळाकडे पाठवावा. वाचून काढायला आम्ही मदत करू.