तंजावूरशेजारचा समुद्र

तंजावूर म्हटले की मराठी माणसाला आठवतात भोसले राजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराचे मंदिर. भोवती कावेरीच्या गाळातली भातशेती. या गाळात दगड नाहीच. मंदिराचा दगडही बाहेरून आणावा लागला. मात्र कोल्लिडम नदी ओलांडून उत्तरेला अरियलूरकडे गेलात, तर खडक दिसू लागतात आणि त्यांत चक्क शंख-शिंपले!

डायनोसॉरच्या काळात इथे समुद्र होता. १८५१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था स्थापन झाली आणि त्याच दशकात हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हे खडक नकाशावर उतरवायला घेतले. असा नकाशा पायी फिरून तयार होतो. दूरदूरच्या दोन ठिकाणी एकाच जातीचे जीवाश्म सापडले, की ते थर एकाच काळातले ठरतात आणि नकाशावर त्यांना एकच रंग मिळतो.

तंजावूर जिल्ह्यातच १८९८ मध्ये जन्मलेले एम. एस. कृष्णन १९५१ साली या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याआधी, १९४० मध्ये, त्यांनीच सातनूरचा दगड झालेला वृक्ष उजेडात आणला. लांबी सुमारे १८ मीटर! आज ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे.

पण अरियलूरच्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने चालतात आणि खाणीत दगडाबरोबर जीवाश्मही भरडले जातात. जागेवरून हललेला शंख कोणत्या थरातला, हे मग सांगता येत नाही. म्हणून तिकडे गेलात, तर आठवण म्हणून शिंपला उचलू नका. मुलांना वारणवासीचे जीवाश्म संग्रहालय जरूर दाखवा.