दांडी, गोळी आणि शिकणे

अनुभवामुळे वर्तनात होणारा आणि टिकून राहणारा बदल म्हणजे शिकणे, अशी वर्तनवादाची व्याख्या आहे. मनात काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. प्राण्यापुढे काय आले, त्याने काय केले आणि त्यावर पुढे काय घडले, हे मात्र दिसते, मोजता येते आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहता येते. मानसशास्त्राने एवढ्याच पायावर उभे राहावे, असा आग्रह अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये धरला. त्या काळी प्रयोगात भाग घेणाऱ्याला स्वतःच्या मनात डोकावून तिथे काय जाणवते ते सांगायला लावत, आणि एका प्रयोगशाळेतले निष्कर्ष दुसरीत जुळत नसत.

या आग्रहाला बळ देणारे प्रयोग तेव्हा होऊन गेले होते. रशियात इव्हान पाव्हलॉव्ह कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करत होते. १९०४ चे नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळाले. लाळ मोजताना असे लक्षात आले की, अन्न तोंडात पडण्याआधीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच, कुत्र्याला लाळ सुटते. मग मेट्रोनोमची टिकटिक आणि लगेच अन्न, अशी जोडी त्यांनी वारंवार लावली. काही काळाने नुसत्या टिकटिकीनेही लाळ सुटू लागली. हेच अभिजात अभिसंधान. पुढे अन्न न देता टिकटिक ऐकवत राहिले की लाळ आटते, पण मध्ये विश्रांती देऊन पुन्हा ऐकवली तर ती काही प्रमाणात परत येते. म्हणजे शिकलेले पुसले जात नाही, दाबले जाते. जुनी भीती किंवा सुटलेले व्यसन पुन्हा डोके वर का काढते, हे समजून घेताना ही नोंद आजही मोलाची ठरते.

एडवर्ड थॉर्नडाइक यांची वाट वेगळी होती. १८९८ मध्ये त्यांनी भुकेली मांजरे खटकेदार पेट्यांत बंद केली आणि बाहेर खाणे ठेवले. मांजर ओरबाडे, चावे, धडपडे आणि केव्हातरी योगायोगाने खटका दाबला जाई. दर खेपेस बाहेर पडायला लागणारा वेळ हळूहळू, चढउतार होत कमी होत गेला. ‘समजले’ असा एखादा क्षण आकडेवारीत दिसला नाही. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती पक्की होते, हा त्यांचा परिणामाचा नियम.

बी. एफ. स्किनर यांनी या नियमाला नेमके रूप दिले. त्यांच्या पेटीत उंदराने दांडी दाबली की अन्नाची गोळी पडे. बाहेर कागदाची पट्टी एकसारख्या वेगाने सरके आणि प्रत्येक दाबासरशी पेन एक टप्पा वर जाई. रेषा जितकी उभी, तितका उंदीर वेगाने दांडी दाबतो आहे. शिकण्याची गती अशी डोळ्यांसमोर कागदावर उतरू लागली. गोळ्या हाताने बनवाव्या लागत, त्या पुरेनात. म्हणून दर दाबाला गोळी न देता ठरावीक काळाने एकदाच देण्याचा उपाय स्किनर यांनी केला. उंदीर दांडी दाबतच राहिले. ज्या परिणामाने वर्तन पक्के होते, त्याला प्रबलन म्हणतात. या काटकसरीतून प्रबलनाच्या वेळापत्रकांचा अभ्यास उभा राहिला. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित असेल, तर ते बंद झाल्यावरही वर्तन चिवटपणे टिकते. जुगाराच्या यंत्रापुढून माणूस का उठत नाही, याचे एक भक्कम उत्तर इथे आहे.

ऋण प्रबलन आणि शिक्षा यांत नेहमी गल्लत होते. सीटबेल्ट लावताच गाडीतली कटकटी पिपाणी थांबते आणि बेल्ट लावण्याची सवय पक्की होते. हे ऋण प्रबलन. शिक्षेने वर्तन दबते. स्किनर यांनी गोळ्या बंद केल्यानंतर काही उंदरांना सुरुवातीला दांडी दाबताच पंजावर फटका बसेल अशी योजना केली. त्यांचा वेग तेवढ्यापुरता मंदावला, पण फटके थांबल्यावर त्यांनी राहिलेली कसर भरून काढली. घराघरांत आणि शाळांत हा निष्कर्ष माहीत असायला हवा.

पाव्हलॉव्ह यांच्यासारखीच जोडी लावून वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२० मध्ये एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवत मागे पोलादी कांबीवर हातोडा मारला आणि त्याला उंदराची भीती शिकवली. त्याची भीती घालवण्याचा प्रयत्नही झाला नाही; ही क्रूरताच होती. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये उलट दिशेने काम केले. सशाला घाबरणारा मुलगा आवडीचे खात असताना त्यांनी ससा थोडाथोडा जवळ आणला आणि भीती घालवली. भयगंडावरच्या आजच्या वर्तनोपचाराची मुळे या प्रयोगात आहेत.

कोणतीही खूण कोणत्याही परिणामाशी जोडता येते, हे वर्तनवादाचे गृहीतक मात्र टिकले नाही. १९६६ मध्ये जॉन गार्सिया आणि रॉबर्ट केलिंग यांनी उंदरांना गोड पाणी दिले. जीभ लावताच दिवा लागे आणि आवाज होई. ज्या उंदरांना नंतर मळमळ घडवली त्यांनी चव टाळली, दिव्या-आवाजाची पर्वा केली नाही. ज्यांना विजेचा झटका दिला त्यांनी नेमके उलटे केले. कशाची कशाशी सांगड लवकर बसते, हे प्राण्याच्या उत्क्रांतीने बरेचसे आधीच ठरवलेले असते. भाषेच्या बाबतीत नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, पूर्वी कधीच न ऐकलेली वाक्ये मूल बोलते, ती केवळ प्रबलनातून उगवत नाहीत.

रॉबर्ट रेस्कोर्ला आणि अॅलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये शिकण्याचे गणिती सूत्र मांडले: अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत जितकी तफावत, तितके शिकणे जास्त. हीच तफावत पुढे मेंदूतही दिसली. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतील, डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशींची नोंद घेतली. अनपेक्षित रस मिळाला की त्या पेशी उसळत. खूण ओळखीची झाली की रसाऐवजी खुणेलाच उसळत. आणि खूण देऊन रस दिला नाही, तर तो मिळायच्या नेमक्या वेळी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाई.