कच्च्या गुणवत्तेची पारख

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत संघांना दरवर्षी ‘ड्राफ्ट’मधून नवे खेळाडू निवडता येतात. काही खेळाडू महाविद्यालयीन स्पर्धांतून तावूनसुलाखून आलेले असतात, तर काहींकडे उंची, चपळाई आणि कोवळे वय एवढेच भांडवल असते. पहिल्या फेरीत निवडलेल्या अशा खेळाडूवर नव्या कराराचे कोट्यवधी डॉलर लावायचे की नाही, याचा विचार संघाला तीन मोसमांनंतर करावा लागतो. तोवर त्याचे आक्रमण खरोखर सुधारले आहे का, हे ओळखायचे कसे?

२०१३चा ड्राफ्ट या दृष्टीने उद्बोधक आहे. मिलवॉकी बक्सने पंधराव्या क्रमांकावर जियानिस अँटेटोकुम्पो या अठरा वर्षांच्या ग्रीक युवकाला निवडले. तोपर्यंत तो ग्रीसमधील दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता. पहिल्या मोसमात त्याची सरासरी अवघी ६.८ गुणांची होती. त्याच्या आधी, अकराव्या क्रमांकावर निवडला गेलेला फिलाडेल्फियाचा मायकेल कार्टर-विल्यम्स मात्र १६.७ गुणांच्या सरासरीने २०१४चा सर्वोत्तम नवोदित ठरला. ही सरासरी त्याला पुन्हा कधीही गाठता आली नाही.

असे का व्हावे? दुबळ्या संघात चेंडू सतत हाती असला की गुण वाढतातच. कार्टर-विल्यम्सचे त्या मोसमात केवळ ४०.५ टक्के नेम यशस्वी झाले होते. म्हणूनच गुणांपेक्षा ते कोणत्या मार्गाने आले, हे पाहणे अगत्याचे ठरते.

अँटेटोकुम्पोचा दुसरा मोसम वरवर पाहता चिंताजनक होता. तीन गुणांच्या नेमांतील त्याचे यश ३४.७ टक्क्यांवरून १५.९ टक्क्यांवर घसरले. मात्र त्याने असे प्रयत्नच ११८ वरून ४४ वर आणले होते. लांबून नेम धरण्याऐवजी तो बास्केटच्या दिशेने मुसंडी मारू लागला. परिणामी त्याची एकूण अचूकता ४१.४ वरून ४९.१ टक्क्यांवर गेली. आपले बलस्थान त्याला उमगल्याची ती खूण होती.

खरी कसोटी असते ती जबाबदारी वाढल्यावर. बहुतेक खेळाडूंची अचूकता अशा वेळी घटते. अँटेटोकुम्पोची सरासरी पहिल्या चार मोसमांत ६.८, १२.७, १६.९ आणि २२.९ अशी चढत गेली, तर अचूकताही दरवर्षी वाढून ५२.१ टक्क्यांवर पोहोचली. प्रशिक्षक जेसन किड यांनी २०१६मध्ये आक्रमणाची सूत्रे त्याच्या हाती दिली. पहिल्या मोसमात सामन्यामागे १.९ असलेले ‘असिस्ट’ चौथ्या मोसमात ५.४ झाले. दरम्यान, २०१६मध्येच बक्सने त्याच्याशी चार वर्षांचा, सुमारे १० कोटी डॉलरचा करार केला होता.

लांबून नेम साधण्यातील त्याची उणीव पुढेही पुरती भरून निघाली नाही. तरीही २०१९ आणि २०२० अशी सलग दोन वर्षे तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२१च्या अंतिम मालिकेतील निर्णायक सामन्यात त्याने ५० गुण नोंदविले आणि १९ पैकी १७ फ्री थ्रो साधले. बक्सने ५० वर्षांनंतर विजेतेपद मिळविले.

कच्च्या खेळाडूतील प्रत्येक उणीव दूर होईलच, असे नाही. तो योग्य जागेवरून नेम साधू लागला आहे का, सहकाऱ्यांना गुणांच्या संधी देतो का आणि भार वाढूनही त्याची अचूकता टिकते का, या तीन प्रश्नांची उत्तरे गुणतक्त्यातील पहिल्या रकान्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असतात.