तुरीच्या मुळाशी कोणी राहायचे?

जेलीफिशच्या बुळबुळीत अंगावरचे जिवाणू तपासले, की भोवतीच्या समुद्रातल्या जिवाणूंपेक्षा त्यांचा संच वेगळा निघतो. वाहत आले ते चिकटले, एवढाच हा मामला नाही. यजमानही निवड करतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर जालना जिल्ह्यात याचा अधिक भक्कम पुरावा तुरीच्या मुळांशी सापडतो. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बीडीएन-७११सारखे वाण दिले, तीच ही तूर. तिच्या मुळांतून फ्लॅव्होनॉइड नावाची रसायने मातीत झिरपतात. त्यांना नेमके रासायनिक उत्तर देतात ते रायझोबियम गटातले जिवाणू. उत्तर जुळले तरच मुळावरचा केस वळतो, जिवाणू आत घेतला जातो आणि गाठ धरते. तिथे हे जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात, झाड त्यांना साखर पुरवते. नत्र स्थिर करणारे विकर प्राणवायूने निकामी होते. म्हणून गाठीतले लेगहिमोग्लोबिन तो बेताबेताने पोचवते. चांगली गाठ कापल्यावर आतून गुलाबी दिसते ती त्यामुळेच.

आत शिरलेला जिवाणू काम न करता नुसता खात बसला तर? ही शंका रास्त आहे, आणि तिला प्रयोगाचे उत्तर आहे. २००३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात सोयाबीनच्या काही गाठींभोवतीचा नायट्रोजन काढून आर्गॉन भरला होता. काम थांबलेल्या त्या गाठींत जिवाणूंची वाढ कमी झाली. झाडाने त्यांचा प्राणवायू आखडता घेतल्याच्या खुणाही दिसल्या. म्हणजे आत घेतल्यावरही झाडाची नजर असतेच.

शेतकऱ्याचा आक्षेप मला याहून महत्त्वाचा वाटतो: झाडच निवडत असेल, तर १० किलो बियाण्याला रायझोबियमचे २५० ग्रॅमचे पाकीट चोळायचे कशाला? पण निवड होते ती हजर असलेल्यांतून. सोयाबीन मूळचे पूर्व आशियातले. जिथे ते नव्याने पेरले जाते, तिथल्या मातीत त्याचे जिवाणू असतीलच असे नाही. तूर मात्र इथलीच. तिचे जोडीदार मातीत आधीच असतात, आणि पाकिटातल्या पाहुण्यांना त्यांच्याशी झगडावे लागते. म्हणून तुरीत दरवर्षी ठळक फरक दिसत नाही. एवढ्यावरून पाकीट खोटे ठरवणे मला पटत नाही. आयता युरिया भरपूर मिळाला, की तूर गाठी कमी धरते. अशा रानात जिवाणू कितीही चांगला असला, तरी झाडाला त्याची गरजच उरलेली नसते.