कंसातले

मुरबाडहून सुटलेल्या एसटीत शेजारचा माणूस फोनवर सांगत होता, "झालं काम. बाबांच्या नावाला कंस पडला." कंस माझ्या लेखी गणितातला. त्या एका वाक्यापायी मी शहापूरला तहसील कचेरीजवळच्या एका सेवा केंद्रात दोन दिवस बसलो.

ओल्या रेनकोटांचा वास, तापलेल्या प्रिंटरचा वास. ऑपरेटर पोरगा गट नंबर टाकतो, सातबारा निघतो. डिजिटल सहीच्या उताऱ्याची सरकारी फी १५ रुपये. फेरफारावर हरकतीला मुदत १५ दिवस. "सगळं पंधराचंच," पोरगा म्हणाला. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली की वारसांची नावं चढतात आणि मयताच्या नावाला कंस होतो. नाव पुसत नाहीत. पुसलं तर जमीन कुणाकडून आली हे कळणार कसं? अलीकडच्या नमुन्यात मात्र कंस करून वर आडवी रेघही मारतात. वाचायला सोपं होतं, मान्य. तरी मला ती रेघ उद्धट वाटते.

लाइट ये-जा करत होती. रिकाम्या वेळात पोरग्याने एका वेबपानाची आतली बाजू उघडून दाखवली. नुसते कोनी कंस! १६३१ साली थॉमस हॅरियटच्या पुस्तकात हीच चिन्हं लहान-मोठं दाखवायला छापली गेली. टिम बर्नर्स-ली यांच्या वेबने त्यांना वेगळ्याच कामाला जुंपलं. तिथे कंसातलं वाचणाऱ्याला दिसत नाही, पण पान उभं राहतं त्याच्याच हुकमाने. एखादी खूण बंद करायची तर कंसात तिरपी रेघ.

"तिकडं तिरपी, इकडं आडवी," पोरगा हसला.

दुसऱ्या दिवशी एक आजी आली. "खातेदाराचं नाव?" आजीने पदर तोंडाशी नेला. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती. गट नंबर मात्र तोंडपाठ. कागद निघाला, पोरग्याने वारसांची नावं वाचून दाखवली. तीन मुलगे, एक मुलगी, शेवटी ती स्वतः.

"आन् ते?"

पोरग्याने रेघेवर बोट ठेवलं. "हे काय. कंसात."

"पर हायेत ना?"

"आहेत, आजी."

तिने कागद प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला, आणि कनवटीचे १५ रुपये दोनदा मोजून दिले.