इंजिनाचे सुटे भाग : वरवरचा डाग व खरा दोष

ट्रॅक्टर, जीप किंवा विहिरीवरील डिझेल इंजिन यांचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानीं हातांत घेऊन पारखून आणण्याचा प्रघात आतां मागें पडत चालला आहे. पुष्कळ शेतकरी हे भाग ऑनलाइन मागवितात व ते घरपोच येतात. यांत सोय आहे; परंतु दुकानांत होणारी पारख आतां माल घरीं आल्यावर, परतीची मुदत संपण्यापूर्वीं, आपली आपणांसच करावी लागते. अशा वेळीं दोन्ही बाजूंनीं नुकसान संभवतें. रंगावरील ओरखडा पाहून चांगला भाग परत केला, तर ऐन पेरणीच्या दिवसांत यंत्र अडून राहतें. उलट, चकचकीत दिसतो म्हणून सदोष भाग बसविला, तर तो शेजारच्या चांगल्या भागांसहि घेऊन बुडतो. म्हणून डाग कोणता व दोष कोणता, हें ओळखण्याची रीत येथें देत आहों.

मुख्य कसोटी

डाग किती ठळक दिसतो यावरून त्याचें महत्त्व ठरत नाहीं. तो कोणत्या जागीं आहे यावरून ठरतें. इंजिनाच्या भागांचीं पृष्ठें चार प्रकारचीं मानावीं. पहिलें, दुसऱ्या भागावर घासणारें. दुसरें, तेल, पाणी अथवा वायु अडविण्यासाठीं दुसऱ्या भागाशीं घट्ट मिळणारें. तिसरें, ओढ व धक्के सोसणारें. आणि चौथें, यांपैकीं कांहींच न करितां नुसतें मोकळें राहणारें. चौथ्या प्रकारच्या पृष्ठावरील उडालेला रंग, ओतकामाचा खडबडीतपणा, सांच्याच्या जोडाची शीर किंवा पुसट छपाई हीं निरुपद्रवी होत. पहिल्या तिन्हींवरील खुणेची मात्र बारकाईनें तपासणी करावी.

मुद्दाम केलेल्या खुणा

कांहीं खुणा कारखान्यांत बुद्ध्याच केलेल्या असतात. नव्या लायनरच्या आंतील भिंतीवर एकमेकींस छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसते. ते ओरखडे नव्हेत. होनिंग नांवाच्या क्रियेनें ही जाळी काढलेली असते. तिच्यांत तेल धरून राहतें व नव्या रिंगा भिंतीशीं नीट मिळतात. लायनर आंतून आरशासारखा असावा, असा आग्रह धरूं नये. पिस्टनच्या अंगावरील बारीक आडव्या रेघा व काळपट लेप हेहि तेल टिकावें व घर्षण कमी व्हावें म्हणूनच असतात. क्रँकशाफ्ट व फ्लायव्हील यांवर ड्रिलनें पाडलेले अर्धवट खड्डे समतोल साधण्याकरितां असतात. रंगाचा लहानसा ठिपका पुष्कळदां मापाचा वर्ग दाखवितो. तो पुसूं नये. बेअरिंगच्या वाटीच्या कडेस जी लहान जीभ वांकविलेली असते, ती वाटी जागेवर बसावी म्हणून असते. ती ठोकून सरळ करूं नये.

परत करण्याजोगे दोष

लायनरच्या भिंतीवर नखास अडणारी उभी रेघ असल्यास तो घेऊं नये. त्या वाटेनें वायु खालीं उतरतो व तेल वर चढतें. लायनरच्या बाहेरील अंगाचा खडबडीतपणा चालेल; परंतु वरची कॉलर व रबरी रिंगा बसण्याच्या जागा स्वच्छ असल्या पाहिजेत. पिस्टनच्या रिंग बसण्याच्या खांचेची कड तुटलेली नसावी. बेअरिंगच्या आंतील धातूचा थर मऊ असतो. त्यावरील मंद डाग चालतो, ओरखडा चालत नाहीं. वाटीच्या पाठीस पोचा असेल तर ती घरांत सपाट बसत नाहीं.

कनेक्टिंग रॉड व क्रँकशाफ्ट यांवरील तीक्ष्ण खांच दिसण्यांत क्षुल्लक, पण परिणामीं घातक असते. प्रत्येक फेऱ्याच्या ताणानें तेथूनच भेग सुरू होते व एके दिवशीं भाग तुटतो. हेड-गॅस्केटच्या सिलिंडरभोंवतालच्या कड्यास मोड पडली असेल तर तें वापरूं नये. पोचा पडलेला तेलाचा फिल्टरहि बसवूं नये. याउलट रेडिएटरच्या दोन-चार पातळ पात्या वांकल्या असतील तर त्या हळूच सरळ करितां येतात. नळी चेपली असेल तरच रेडिएटर परत करावा.

गंजाविषयीं घाई करूं नये. रक्षणासाठीं लावलेलें तेल वाळून तांबूस दिसतें. रॉकेलच्या फडक्यानें पुसतां डाग निघाला व पृष्ठ साफ राहिलें, तर भाग चांगला. पुसल्यावर घासणाऱ्या किंवा मिळणाऱ्या पृष्ठावर बारीक खळगे उरले, तर तो परत करावा.

घरगुती परीक्षा

बिडाच्या भागास तडा असल्याचा संशय आल्यास त्यावर रॉकेल लावून कांहीं वेळ ठेवावें, कोरडें पुसावें व वरून खडू घासावा. तड्यांत शिरलेलें रॉकेल बाहेर झिरपून खडूवर ओली रेघ उमटते. हेडच्या तळावर सरळ पोलादी पट्टी उभी धरून खालून फीलर गेजची पाती घालावी. फट यंत्राच्या पुस्तकांत दिलेल्या मर्यादेपेक्षां अधिक नसावी. सिलिंडरच्या भोंकापासून पाण्याच्या वाटेपर्यंत पोंचणारी रेघ हेडवर असेल, तर तें गाळणार हें निश्चित समजावें.

खरेदी व परत

मागविण्यापूर्वीं भागाचा क्रमांक पुस्तकाशीं ताडून पाहावा व विक्रेत्याकडे खोक्याचें नव्हे, तर घासणाऱ्या व मिळणाऱ्या पृष्ठांचें छायाचित्र मागावें. खोकें उघडतांना मोबाइलवर चित्रण करावें, वेष्टन जपून ठेवावें आणि तपासणी पुरी होईपर्यंत भाग बसवूं नये. बसविल्यानंतर ओरखडा मूळचा कीं मेस्त्रीच्या हातचा, हें सिद्ध करणें कठीण जातें. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वयें सदोष, बनावट अथवा जाहिरातींतील वर्णनाशीं न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्यास नकार देतां येत नाहीं. तक्रारीसाठीं राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. परंतु केवळ रंग उडाला म्हणून हा हक्क मिळेलच असें नाहीं. तेथें विक्रेत्याच्या स्वतःच्या अटी पाहाव्या लागतात.

कांहीं विक्रेते डागाळलेला माल कमी किंमतींत देतात. डाग चौथ्या प्रकारच्या पृष्ठावर असेल तर असा भाग खुशाल घ्यावा. इंजिनास रंगाची गरज नसते. मात्र घासणाऱ्या, मिळणाऱ्या वा भार सोसणाऱ्या पृष्ठाचा दोष कितीहि सवलतीनें स्वस्त होत नाहीं, हें प्रत्येक यंत्रधारक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावें.